‘पुटी आढळल्या’: आतड्यातील अमीबाच्या नावाचा गुंता

आतड्यांतील परजीवींपैकी जंतांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. एंटअमीबा हिस्टोलिटिका या एकपेशीय जीवाच्या नावाचा गुंता मात्र मागे राहिला, आणि त्याचा भुर्दंड निरोगी माणसांनाही बसला.

१८७५ साली सेंट पीटर्सबर्ग येथे आमांशाच्या एका रुग्णात हा अमीबा दिसला. १९०३ साली त्याला आजचे नाव मिळाले. पुढे एक विसंगती लक्षात येऊ लागली. ज्यांच्या शौचात अमीबाच्या पुटी, म्हणजे कवचबंद सुप्त अवस्था, सापडत, त्यांतील बहुतेकांना रक्तमिश्रित आव सोडाच, साधी पोटदुखीही नसे. १९२५ साली एका फ्रेंच परजीवीतज्ज्ञाने याचा उलगडा मांडला: या दोन जाती आहेत, एक आतड्याच्या अस्तरात घुसून व्रण पाडणारी आणि दुसरी निरुपद्रवी. दुसरीला त्याने डिस्पार म्हटले. परंतु दोहोंच्या पुटी सूक्ष्मदर्शकाखाली अगदी सारख्याच, म्हणजे गोल आणि पक्व झाल्यावर चार केंद्रकांच्या दिसत असल्याने, समकालीनांनी त्याचे म्हणणे बाजूला सारले. त्या काळची साधने पाहता हे समजण्याजोगे असले, तरी रुग्णांचा अनुभव उलट साक्ष देत असताना केवळ आकारावर भिस्त ठेवणे ही चूकच होती.

त्यामुळे ‘पुटी आढळल्या’ एवढा शेरा औषधोपचाराला पुरेसा ठरत राहिला. १९६०च्या दशकापासून मेट्रोनिडाझोल हे अमीबानाशक औषध वापरात आले. ते बहुतांशी वरच्या आतड्यातच शोषले जाते, म्हणून मोठ्या आतड्यातील पुटींवर त्याचा भरवसा धरता येत नाही. रुग्णाने मळमळ आणि तोंडातली धातूची चव सोसून गोळ्या संपवाव्यात, तर पुढच्या तपासणीत पुटी पुन्हा हजर असण्याची शक्यता उरतेच.

१९७८च्या सुमारास अमीबातील विकरांच्या (एन्झाइमांच्या) तुलनेने आणि पुढे डीएनएच्या अभ्यासाने दोन जाती वेगळ्या असल्याचे दिसून आले. अखेर १९९३ साली, म्हणजे ६८ वर्षांनी, डिस्पारला औपचारिक मान्यता मिळाली. १९८६च्या सुमारास जगात ४८ कोटी बाधित मानले जात होते. त्यांतील सुमारे ९० टक्के डिस्पारचेच वाहक असावेत, असा नवा अर्थ मग लावला गेला. १९९७ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञसमितीने सल्ला दिला की केवळ पुटी दिसल्यास अहवालात ‘हिस्टोलिटिका/डिस्पार’ असे जोडनाव लिहावे आणि लक्षणे नसताना, हिस्टोलिटिकाचा संशय घेण्यास अन्य कारण नसेल तर, औषध देऊ नये.

आता प्रतिजन (अमीबाची प्रथिने ओळखणाऱ्या) व पीसीआर (त्याचा डीएनए ओळखणाऱ्या) चाचण्या हा भेद दाखवतात. जिथे त्या उपलब्ध नाहीत, तिथे ताज्या, पातळ शौचातील हलत्या अमीबाच्या पोटात गिळलेल्या तांबड्या पेशी दिसणे हीच सूक्ष्मदर्शकाखालची हिस्टोलिटिकाची ठळक खूण आहे.