मुलीला परदेशात खेळायचंय? बूट घेण्याआधी हे वाचा

कोल्हापुरातल्या आमच्या दुकानात पूर्वी मुलींच्या मापाचे फुटबॉल बूट सांगितले तरच मागवायचो. आता ठेवावेच लागतात. बूट बघता बघता आई किंवा वडील हळूच विचारतात, ‘आमची फॉरवर्डला खेळते, बाहेर चान्स असतो का हो?’ काउंटरवर प्रत्येकाला तेच सांगण्यापेक्षा हा कागद छापून खोक्यात टाकतोय.

चान्स असतो. तो कसा असतो हे मणिपूरच्या बालादेवीकडे बघून समजतं. बिष्णुपूर जिल्ह्यातल्या गावात मुलांबरोबर खेळत वाढलेली ही फॉरवर्ड. मणिपूर पोलिसात नोकरी, भारताची कप्तानी, सगळं आधीच झालं होतं. जानेवारी २०२० मध्ये स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या रेंजर्स क्लबनं तिला दीड वर्षाचा करार दिला, दहा नंबरची जर्सी दिली. तेव्हा तिशी पूर्ण व्हायला आठवडाही उरला नव्हता. म्हणजे ‘सतरा झाली, आता कुठं काय’ असं म्हणणाऱ्या पालकांनी जरा दम धरावा.

पुढचं मात्र कुणी सांगत नाही. ती पोचली आणि कोरोनानं लीगच बंद पडली. लीगमधला पहिला गोल आला थेट डिसेंबरात, मदरवेलविरुद्ध. तोही बदली खेळाडू म्हणून उतरल्यावर. रेंजर्सनं तो सामना ९-० असा जिंकला होता. करारावर सही केल्यापासून गोल होईपर्यंत दहा महिन्यांवर काळ गेला. नंतर गुडघा गेला, शस्त्रक्रिया झाली, स्कॉटलंड सुटलं. पण बाई परतली, आणि २०२४ च्या सॅफ, म्हणजे दक्षिण आशियाई देशांच्या स्पर्धेत भारतासाठी पन्नासावा गोल केला. आम्हाला विचाराल तर तिच्या कारकिर्दीतलं हेच सगळ्यात मोठं काम.

दुसरी होशियारपूरची मनीषा कल्याण. २०२१ मध्ये ब्राझीलला त्यांच्याच घरात, मनाउसमध्ये गोल मारला. भारत ६-१ हरला, पण गोल लक्षात राहिला. पुढच्या वर्षी सायप्रसचा अपोलॉन क्लब, आणि विसाव्या वर्षी युरोपातल्या महिलांच्या चॅम्पियन्स लीगमध्ये उतरणारी पहिली भारतीय. मग ग्रीसचा पाओक, मग २०२५ मध्ये थेट पेरूचा अलियान्सा लिमा. चार वर्षांत तीन देश! दर वेळी नवी भाषा, नवं जेवण, नवा कोच. परदेशातली कारकीर्द म्हणजे एकदा लागली की कायमची अशी नोकरी नव्हे. करार संपत आला की पुन्हा बॅग भरायची तयारी.

आता कागदपत्रं. अठरा पूर्ण व्हायच्या आत दुसऱ्या देशाच्या क्लबात नोंदणी होत नाही, मोजके अपवाद सोडले तर. फिफाचा नियमच तसा आहे. त्यामुळे पंधरा वर्षांच्या मुलीला ‘युरोपात करार’ देणारा भेटला तर चहा पाजून वाटेला लावा. आमच्याच एका गिऱ्हाइकाकडे ट्रायलच्या नावाखाली आधी मोठी रक्कम मागितली होती. नशिबानं त्यांनी विचारून घेतलं. एजंटकडे फिफाचं लायसन्स लागतं आणि ते फिफाच्या साइटवर नावानिशी तपासता येतं. मेडिकल पास झाली तरच किंवा वर्क परमिट मिळालं तरच करार खरा, अशी अट क्लबला घालता येत नाही; मेडिकल सहीच्या आधी उरकायची असते. बाळंतपणाची किमान चौदा आठवड्यांची पगारी रजाही २०२१ पासून नियमात आहे. एक साधी गोष्ट आजच करा: भारतीय फुटबॉल फेडरेशनच्या सीआरएस या खेळाडू-नोंदणीतलं नाव आणि जन्मतारीख पासपोर्टशी तंतोतंत जुळते का बघा.

आता आमचा विषय, गुडघा आणि बूट. गुडघ्याचं लिगामेंट फाटण्याचा धोका मुलींना मुलांपेक्षा बराच जास्त असतो. फिफाचा ‘इलेव्हन प्लस’ वॉर्म-अप वीस मिनिटांचा आहे, साहित्यात फक्त बॉल लागतो. तो रोज करून घ्या. हे विकत मिळत नाही म्हणून कुणी सांगत नाही.

स्टडचं, म्हणजे बुटाच्या तळाच्या खुंट्यांचं, असं आहे. बुटावर एसजी लिहिलेलं असेल तर ते ओल्या, मऊ मैदानासाठी, लांब स्टडचे. स्कॉटलंडच्या चिखलात ठीक, पण आपल्या उन्हाळ्यातल्या कडक मातीवर ते रुततच नाहीत, तळव्याला टोचतात. टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवतावर, एजी किंवा टीएफ लिहिलेले घ्या. तिथे लांब पात्यांचे स्टड अडकतात, पाय जागीच राहतो आणि अंग वळतं. गुडघा तिथंच जातो. सरावाला रोज वेगळं मैदान असेल तर एक महागडा जोड घेण्यापेक्षा दोन साधे परवडतात.

मुलांचा छोटा नंबर मुलीला घालू नका. अंगठा बरोबर बसतो, टाच मात्र मागे सुटते. दुकानात घालून चवड्यावर उभं राहायला सांगा. टाच वर सरकली तर तो बूट खाली ठेवा, कितीही रंग आवडला तरी. शक्यतो संध्याकाळी या, दिवसभरात पाय थोडा फुगलेला असतो. सोबत सामन्याचे मोजे आणि शिनपॅड आणा. घरी फरशीवर घालून बघितलेला जोड आठ दिवसांत बदलून देऊ. माती लागलेला असेल तर नाही.