वायरमनचं काम एआय खाणार?

'एआय आलंय, आता वायरमन कोण बोलावतंय? पोराला आयटीआयच्या इलेक्ट्रिशियन ट्रेडला घालू नका.' प्रवेशाचे दिवस आले की हा मेसेज सांगलीकडच्या ग्रुपांवर फिरतो. काळजी समजण्यासारखी आहे, पोराच्या 2 वर्षांचा प्रश्न असतो.

मिरजेकडच्या एखाद्या उसाच्या रानातली मोटर घ्या. मोबाईलवरून चालू-बंद होणारा ऑटो स्टार्टर आला, रात्रीचे हेलपाटे वाचले. एक फेज गेला तर चांगला स्टार्टर मोटर आपणहून बंदही करतो. पण केबलचा जॉइंट जळाला किंवा स्टार्टरातला वीज जोडणारा-तोडणारा कॉन्टॅक्टर चिकटला, की विहिरीवर माणसालाच जावं लागतं. उलट स्टार्टरात सिमकार्ड आणि सर्किट आल्यामुळे बिघडायच्या जागा वाढल्यात!

काहीच बदलणार नाही, असंही नाही. लोडचा हिशेब, अंदाजपत्रक, ड्रॉइंग ही टेबलावरची कामं सॉफ्टवेअर भराभर उरकतं. स्मार्ट मीटर रीडिंग स्वतःच पाठवतो, त्यामुळे घरोघर फिरणाऱ्या रीडरचं काम खरंच घटतं. मेसेजमध्ये या कामांची आणि वायरमनच्या कामाची सरमिसळ झालीय.

पडताळायचंय? फोनमधल्या एआयला विचारा, 'थ्री फेज मोटर नुसती गुणगुणते, फिरत नाही, काय करू?' तो बहुधा सांगेल, तिन्ही फेजचं व्होल्टेज मोजा, बेअरिंग जाम आहे का बघा. सल्ला चुकीचा नाही. फक्त 415 व्होल्टच्या पेटीत मल्टिमीटरच्या पिना लावायला शेवटी ओळखीच्या वायरमनलाच फोन करावा लागेल.