भित्र्या पिल्लाला थेट गर्दीत नेलं की भीती मोडते? खुलासा

'कुत्र्याचं भित्रं पिल्लू सरळ बाजारात न्या, दोन दिवसांत भीड चेपेल' हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. तो पटतो, कारण गर्दीत पिल्लू खरोखर गप्प होतं. पण बहुतेकदा ते भीतीने थिजलेलं असतं, आणि पुढच्या वेळी आणखी घाबरतं.

तपासणं सोपं आहे. उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा नाकाशी धरा. घरी झडप घालणारं पिल्लू ठाण्याच्या तलावपाळीसारख्या गजबजलेल्या जागी तोंड फिरवत असेल, शेपूट पोटाखाली, सारखं ओठ चाटत असेल, तर ती जागा त्याला झेपत नाहीये. मागे सरका. जिथे पुन्हा खाऊ लागेल, तिथून सुरुवात.

ठाण्यात संध्याकाळपेक्षा सकाळी ६ची वेळ बरी. नाहीतर सोसायटीच्या गेटाआतून रस्ता दाखवा. आधी रिक्षा दिसू दे, मग तुकडा. रिक्षा गेली की तुकडे बंद. क्रम उलटला तर तुकडाच धोक्याची खूण बनू शकतो! दहा मिनिटं पुरेत, पट्टा सैल. अनोळखी माणसाचा वास घ्यायचा की नाही, ते पिल्लालाच ठरवू द्या. चार-पाच फेऱ्या निवांत गेल्या की थोडं जवळ जा.

लसी पूर्ण नसतील तर कडेवर घेऊन फिरवा. साधारण ३ ते १४ आठवड्यांचं वय नव्या ओळखींसाठी सर्वांत चांगलं. मोठं पिल्लूही शिकतं, फक्त वेळ जास्त लागतो.