कॅनरीपालन (कोकण किनारा)

कॅनरी हा फ्रिंजिलिडी कुलातला, बिया खाणारा छोटा गाणारा पक्षी. शास्त्रीय नाव सेरिनस कॅनारिया. लांबी १२ ते १३ सेंमी, वजन जेमतेम २० ग्रॅम. त्याचे मूळ घर म्हणजे अटलांटिक महासागरातली कॅनरी, मदेरा आणि अझोर्स ही बेटे. रानातला पक्षी हिरवट पिवळा आणि पाठीवर तपकिरी रेघांचा असतो. पिवळाधमक रंग माणसाने पिढ्यान् पिढ्या निवडून आणला. मिटल्या चोचीने घोळवून गाणारी जर्मनीची हार्झ रोलर गाण्यासाठी, तर डोक्यावर तुरा असलेली ग्लॉस्टर रूपासाठी नावाजलेली आहे.

कोकणात पडवीला टांगलेला पोपटाचा पिंजरा जुन्या ओळखीचा. मात्र वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार पोपट, मुनिया असे इथले रानपक्षी पाळणे गुन्हा आहे. कॅनरी परदेशी असून पिंजऱ्यातच पैदा झालेली असते, त्यामुळे तिला ही आडकाठी नाही.

गातो तो नर. मादी नुसती चिवचिवते. गाण्यासाठी पाळायचा तर एकटा नर पुरतो, आणि दोन नर एका पिंजऱ्यात ठेवले तर भांडतात. पिंजरा उंचीपेक्षा लांबीला मोठा हवा, कारण हा पक्षी आडवा उडतो. खाऱ्या हवेत साधी तार लवकर गंजते, म्हणून स्टेनलेस स्टीलचा खर्च किनाऱ्यावर वाया जात नाही. बसायच्या दांड्या वेगवेगळ्या जाडीच्या असाव्यात. जागा उजेडाची, पण वाऱ्याच्या झोतापासून आणि चुलीच्या धुरापासून लांबची. अति तापलेल्या नॉनस्टिक तव्याची वाफ तर पक्ष्याला मिनिटांत मारू शकते.

रोजचे खाणे म्हणजे कॅनरी सीड, त्यात राळा आणि थोडे कारळे. सोबत माठ, शेवग्याचा पाला, काकडीची फोड. कॅनरी बी सोलून खाते आणि फोलपटे वाटीतच टाकते. वरून वाटी भरलेली दिसते आणि पक्षी उपाशी राहतो. म्हणून रोज सकाळी वाटीवर फुंकर मारून फोलपटे उडवावीत आणि खाली बी किती उरले ते पाहावे. चुन्यासाठी (कॅल्शियमसाठी) बाजारातून काही आणायला नको. माकुलाचे पांढरे, हलके हाड (औषधी दुकानातले समुद्रफेन ते हेच) किनाऱ्यावर वाहून येते. ते पाणी बदलत काही दिवस गोड्या पाण्यात भिजवून मीठ काढावे, कडक उन्हात वाळवावे आणि मऊ बाजू आत करून जाळीला बांधावे.

खरी कसोटी पावसाळ्यात लागते. वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या रत्नागिरी-सिंधुदुर्गात जून ते सप्टेंबर घरातले मीठही पाझरते, मग बियांना बुरशी येणारच. बुरशीचे विष यकृतावर जाते. आगोटीला चार महिन्यांची बेगमी करायची आपली सवय इथे उपयोगाची नाही: कारळ्याला खवट वास येतो, म्हणून बी थोडे थोडे आणून झाकणाच्या कोरड्या बरणीत ठेवावे. भिजवलेले खाणे तासा-दोन तासांत काढून घ्यावे. डास चावून कॅनरीला देवी होतात, तेव्हा संध्याकाळपासून पिंजऱ्यावर मच्छरदाणी हवीच. लाल माइट (गोचिडीसारखे बारीक किडे) दिवसा फटीत लपतात आणि रात्री रक्त पितात. पांढरे फडके रात्री पिंजऱ्यावर टाकून सकाळी त्यावर लाल ठिपके दिसतात का ते पाहणे हा साधा, भरवशाचा उपाय. चोच उघडी ठेवून श्वास घेणारा, श्वासागणिक टिक्टिक् आवाज करणारा पक्षी मात्र लगेच पशुवैद्याकडे न्यावा.

दिवस मोठा होऊ लागला की, माघ-फाल्गुनात, जोडी घरटे धरते. मादी ३ ते ५ अंडी घालते, १३-१४ दिवस उबवते. पिल्लांच्या दिवसांत उकडलेले अंडे कुस्करून द्यावे, उरलेले लगेच उचलावे.

आषाढ-श्रावणात जुनी पिसे झडतात आणि नर गप्प होतो. बाहेर पाऊस, आत मुका पिंजरा. नवखा पाळणारा घाबरतो. पक्षी खात असेल, श्वास नीट असेल तर हा आजार नव्हे. सहा ते आठ आठवडे त्याला निवांतपणा आणि थोडे जास्त अंडे द्यावे. नवी पिसे भरली की, दसऱ्याच्या सुमारास, तो आधी तुटक, हलक्या आवाजात गुणगुणतो. पुढे हळूहळू गाणे भरते, आणि त्यात गेल्या वर्षी नसलेले काही तुकडेही ऐकू येतात.