नऊ हजार एकरांचा एक आकडा

“मोबाइल म्हणला धो धो, आन् आपल्या वावरात थेंब नाही. बांधाच्या पलीकडं मात्र चिखल!” जिंतूरकडून मामांचा असा फोन जूनमध्ये ठरलेला. 26 मे 2025 ला ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ ही हवामान अंदाजाची यंत्रणा सुरू झाली, हवामानाच्या गणिताचा चौकोन 12 किलोमीटरवरून 6 वर आला, हे त्यांनी बातमीत वाचलं होतं. “मंग एकावरच कामून नाही आणला?”

प्रश्न फार चांगला आहे.

कॉम्प्युटर हवेचे खोके पाडतो. प्रत्येक खोक्याला तापमान, दाब, वारा, बाष्प यांचा एकेकच आकडा. शेजारच्या खोक्यांकडे बघून प्रत्येक जण आपला पुढच्या क्षणाचा आकडा काढतो. चौकोनाची बाजू निम्मी केली की एकाचे चार होतात, इथवर सरळ आहे. खरी मेख वेळेत आहे. दारं धरणाऱ्याला, म्हणजे पिकाला पाणी देणाऱ्याला, हे लगेच कळेल: वाफा लहान केला तर तो लवकर भरतो, म्हणून दारं मोडायलाही लवकर यावं लागतं. उशीर झाला की पाणी वाफा फोडून पुढे जातं. इथेही तसंच. एका पावलात, म्हणजे एका क्षणावरून पुढच्या क्षणावर जाताना, खोक्याला फक्त शेजाऱ्याची खबर मिळते. तेवढ्यात लाट दोन खोकी ओलांडून गेली, तर चूक दर पावलाला फुगत जाते आणि दाबाचे आकडे वेडेवाकडे होतात. म्हणून पाऊल एवढंच, की लाट एका खोक्यापलीकडे जाऊ नये; 1928 मध्ये कूरांट, फ्रीडरिक्स आणि लेवी या गणितज्ञांनी ही अट मांडली. हवेतली दाबाची लाट, म्हणजे ध्वनीलहर, सेकंदाला सुमारे 340 मीटर जाते, म्हणजे 12 किलोमीटरला 35 सेकंद, 6 ला जेमतेम 18. पाऊलही निम्मं. चार गुणिले दोन, आठपट काम. 12 वरून दीडवर यायचं तर तीनदा निम्मं, म्हणजे 512 पट! (वेगवान लहरींची समीकरणं सगळ्या खोक्यांसाठी एकदम सोडवून पाऊल लांबवता येतं, पण मग दर पावलाचं गणितच जड होतं.)

पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेतला ‘अर्का’ हा महासंगणक 11.77 पेटाफ्लॉपचा आहे, म्हणजे सेकंदाला सुमारे 11,770 लाख कोटी आकडेमोडी. तरीही 6 बाय 6 चा चौकोन जवळपास नऊ हजार एकरांचा. त्यात मामांचं पाच एकर.

‘तुमच्या वावराचा तासातासाचा पाऊस’ विकणाऱ्या अ‍ॅपना हा हिशोब विचारावा. पंचांगात पावसाच्या नक्षत्राचं वाहनही गणितानेच काढतात म्हणे: नक्षत्रं मोजा, नऊने भागा, बाकी उरली की बेडूक नाहीतर गाढव. त्यात वारा नाही, बाष्प नाही.

मामा थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, “म्हंजे नऊ हजार एकरांची सरासरी. आन् तिच्यावर मी सोयाबीन पेरू?”

“जमिनीत ओल किती गेलीय ते आधी उकरून बघा,” एवढंच म्हणालो.