साखर ओळखणार कोण?

टाइप १ मधुमेह (ज्यात शरीर इन्सुलिन बनवू शकत नाही) असलेल्या मुलांच्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक जाहिरात अधूनमधून उगवतेच. मनगटी घड्याळ किंवा बोटातली अंगठी. सुई नको, रक्त नको, नुसतं घाला आणि साखर बघा. खाली कुणाची तरी प्रतिक्रिया असते, "आमच्या साहेबांनी घेतलंय, ग्लुकोमीटरशी ताडून बघितलं, बरोब्बर येतंय." एका आईने हे मला पाठवून विचारलं, घेऊ का? दिवसातून सहा-सात वेळा लेकराच्या बोटाला टोचावं लागणाऱ्या बाईने हे विचारावं यात नवल काही नाही.

अमेरिकेच्या एफडीए या औषध आणि वैद्यकीय उपकरणांच्या नियामक संस्थेने फेब्रुवारी २०२४ मध्ये याबाबत जाहीर इशाराच दिला. त्वचेला छेद न देता स्वतःच रक्तातली साखर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला किंवा अंगठीला आपण मान्यता दिलेली नाही, असं त्यात स्वच्छ म्हटलं होतं. मग साहेबांचं घड्याळ बरोब्बर कसं दाखवतं? अगदी सोपं आहे. निरोगी माणसाची साखर दिवसभर साधारण ८० ते १४० (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) च्या पट्ट्यात फिरते. घड्याळाने सकाळी ९५ आणि जेवणानंतर १२० च्या आसपासचा कुठलाही आकडा फेकला, तरी तो ग्लुकोमीटरच्या जवळपास जाणारच. त्यासाठी सेन्सर लागतच नाही, घड्याळात वेळ कळली की झालं. पण टाइप १ च्या मुलाची साखर एकाच दिवसात ५५ वरून ३५० वर जाऊ शकते. त्याच्या मनगटावर ११० दिसत राहिलं तर काय होईल, ते त्या ग्रुपवरच्या आयांना सांगायला नको.

खरी साखर मोजतात कशी, हे कळलं की या जाहिरातींचं बिंग आपोआप फुटतं. म्हणून थोडं रसायनशास्त्र.

आधी प्रमाण बघा. १०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर म्हणजे लिटरभर रक्तात एक ग्रॅम ग्लुकोज. तीस किलोच्या मुलाच्या अंगात सव्वादोन लिटरच्या आसपास रक्त असतं, म्हणजे त्याच्या सगळ्या रक्तात मिळून दोन-सव्वादोन ग्रॅम ग्लुकोज, अर्धा चमचा. बाकी सगळं पाणी, प्रथिनं, क्षार, लाल पेशी. या गर्दीत ग्लुकोजच्या रेणूचा रंग नाही, त्याच्यावर विद्युतभार नाही. प्रकाश टाकून तो बाहेरून हुडकायचा म्हटलं, तर ज्या अवरक्त (इन्फ्रारेड) पट्ट्यात त्याची खूण मिळते तिथे पाणी त्याच्यापेक्षा कितीतरी जोरात प्रकाश शोषतं. घाम आला, हात गार पडला, पट्टा जरा सैल झाला, तरी संकेतात होणारा फरक साखरेमुळे होणाऱ्या फरकाला गिळून टाकतो. गेली कित्येक दशकं मोठमोठ्या प्रयोगशाळा या भिंतीवर डोकं आपटतायत. साखर मोजायची तर आधी तिला ओळखणारं कुणीतरी हवं.

हा ओळखणारा सेन्सरमध्ये आणून बसवला लेलंड क्लार्क यांनी. या अमेरिकन संशोधकाचा (१९१८–२००५) शोधनिबंधांचा प्रवास मोठा गमतीचा आहे. त्यात हृदय-फुप्फुस यंत्र आहे, द्रवात बुडून श्वास घेणारे उंदीर आहेत (हो, १९६६ साली ऑक्सिजन भरलेल्या फ्लुओरोकार्बनमध्ये त्यांनी उंदीर जिवंत ठेवून दाखवले), आणि मधुमेह मात्र जवळजवळ वाट चुकून आलेला आहे. ओहायोमधल्या अँटिऑक कॉलेजच्या आवारातल्या फेल्स संशोधन संस्थेत ते काम करत. ही संस्था मुळात मुलांच्या वाढीच्या दीर्घकालीन अभ्यासासाठी प्रसिद्ध. तिथे त्यांनी रक्तात ऑक्सिजनचे बुडबुडे सोडून ते 'ताजं' करणारं यंत्र बनवलं. १९५० च्या त्या निबंधात गुप्ता हे नावही दिसतं. पण बाहेर पडणाऱ्या रक्तात ऑक्सिजन नेमका किती, हे मोजायची सोय त्यांच्याकडे नव्हती, आणि त्यापायी एका नियतकालिकाने त्यांचा लेख परत पाठवला, असं सांगतात.

मग ते मोजण्यामागे लागले. प्लॅटिनमच्या तारेवर ऑक्सिजनचं क्षपण होतं (म्हणजे तो इलेक्ट्रॉन घेतो) आणि त्यातून विद्युतप्रवाह मिळतो, हे आधीपासून माहीत होतं. पण उघडी तार रक्तात बुडवली की तिच्यावर प्रथिनांचा थर चढतो आणि ती बिनकामाची होते. क्लार्क यांनी प्लॅटिनम आणि चांदी असे दोन्ही इलेक्ट्रोड एका पॉलिथिनच्या पातळ पडद्याआड ठेवले. ऑक्सिजन प्लॅस्टिकमधून आरपार जातो, प्रथिनं आणि पेशी बाहेरच राहतात. १९५६ साली प्रसिद्ध झालेला हा 'क्लार्क इलेक्ट्रोड' आजही जगभर वापरात आहे.

१९६२ मध्ये चॅम्प लायन्स या शल्यविशारदांबरोबर लिहिलेल्या निबंधात त्यांनी पुढची उडी मारली. तो निबंध हृदयशस्त्रक्रियेच्या वेळी रुग्णावर सतत लक्ष ठेवण्यासंबंधी होता. त्यात त्यांनी सुचवलं, की या इलेक्ट्रोडपुढे ग्लुकोज ऑक्सिडेज नावाच्या विकराचा (एन्झाइमचा) थर बसवला तर? हा विकर अ‍ॅस्परजिलस नायजर या काळ्या रंगाच्या बुरशीपासून मिळतो आणि त्याची निवड विलक्षण काटेकोर आहे. फ्रुक्टोजकडे तो ढुंकून बघत नाही, गॅलॅक्टोजला जवळजवळ विचारत नाही. ग्लुकोज आला की त्याचे दोन इलेक्ट्रॉन काढून घेतो आणि ऑक्सिजनला देतो. ऑक्सिजनचं हायड्रोजन पेरॉक्साइड होतं. ऑक्सिजन किती घटला यावरून ग्लुकोज किती होता हे कळतं. पुढे घटलेला ऑक्सिजन मोजण्याऐवजी तयार झालेलं पेरॉक्साइडच प्लॅटिनमवर, सुमारे ०.६ व्होल्टला, मोजायला सुरुवात झाली. १९७५ मध्ये ओहायोतल्याच यलो स्प्रिंग्ज इन्स्ट्रुमेंट कंपनीने या तत्त्वावरचं पहिलं यंत्र बाजारात आणलं. ते टेबलावर ठेवायचं होतं; त्वचेखाली बारीक तार सरकवून मुलाच्या दंडावर चिकटवतात तो आजचा सेन्सर अजून दूर होता.

दंडावर यायला मध्ये एक अडचण होती, आणि माझ्या मते या सगळ्या कथेतला सर्वांत देखणा भाग तोच आहे. विकराला प्रत्येक ग्लुकोजमागे एक ऑक्सिजन लागतो. पण त्वचेखालच्या द्रवात ग्लुकोज सुमारे ५ मिलिमोलर (म्हणजे ९० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या आसपास) असतो आणि ऑक्सिजनचे रेणू त्याच्या शंभराव्या हिश्शाइतके. म्हणजे शंभर गिऱ्हाइकांमागे एकच ऑक्सिजन. अशा वेळी विकर ग्लुकोज किती आहे हे सांगत नाही, ऑक्सिजन किती आहे हे सांगतो. साखर १५० असो की ४००, प्रवाह तेवढाच. साखर जितकी जास्त, तितका सेन्सर आंधळा.

यावरचा उपाय पुन्हा पडदाच, पण आता उलट्या कामाचा. पंढरपूरच्या दर्शनबारीत लाखो वारकरी रांगेत असले तरी गाभाऱ्यापर्यंत एका वेळी मोजकेच सोडतात, तसा हा पडदा ग्लुकोजला अडवून ठेवतो आणि ऑक्सिजनला मोकळं सोडतो. ते जमतं कसं? पॉलियुरेथेनसारख्या बहुवारिकात (पॉलिमरमध्ये) दोन स्वभावांचे भाग एकत्र विणलेले असतात. बहुतेक भाग पाण्याशी फटकून वागणारा. ऑक्सिजनचा छोटा, विद्युतभाररहित रेणू त्यात विरघळून सहज पलीकडे जातो. अधूनमधून पाणी धरून ठेवणाऱ्या बारीक वाटा. ग्लुकोज मोठा आणि पाण्याचा सोबती, त्याला या वाटांनीच जावं लागतं. या वाटांचं प्रमाण आणि पडद्याची जाडी (काही मायक्रॉन) अशी जुळवायची की विकरापर्यंत पोचणारा ग्लुकोज पोचणाऱ्या ऑक्सिजनपेक्षा कायम कमी राहील. मग प्रवाह पुन्हा साखरेच्या प्रमाणात वाढतो, अगदी ४०० पर्यंत. मिळणारा प्रवाह काही नॅनोअँपिअरचा, पण सरळ रेषेत. विकर बुरशीने फुकट दिला; माणसाची खरी कारागिरी या पडद्यात आहे. सेन्सर दहा ते पंधरा दिवसांनी बदलावा लागतो त्यामागेही बऱ्याच अंशी हेच आहे: शरीर त्या परक्या तारेभोवती प्रथिनं आणि पेशी गोळा करत राहतं आणि पडद्याचं गणित हळूहळू बिघडतं.

टेक्सास विद्यापीठातले अ‍ॅडम हेलर यांनी या झगड्याला वळसाच घातला. ऑस्मियमची संयुगं जोडलेल्या बहुवारिकाची जाळी करून त्यांनी विकराला थेट इलेक्ट्रोडशी 'वायर' केलं, म्हणजे इलेक्ट्रॉन न्यायला ऑक्सिजनची गरजच उरली नाही. २०१४ मध्ये युरोपात आलेला आणि आता आपल्याकडेही दंडावर दिसणारा तो रुपयाच्या नाण्याहून मोठा पांढरा गोल सेन्सर याच घराण्यातला.

हे यंत्र समजलं की त्याचे रुसवेफुगवेही समजतात. ०.६ व्होल्टला पेरॉक्साइडप्रमाणे पॅरासिटामॉलचंही ऑक्सिडीकरण होतं. त्यामुळे जुन्या काही सेन्सरवर ताप आलेल्या मुलाला गोळी दिली की साखर खोटीच वर दिसायची. नव्यांत ती अडवणारा आणखी एक थर घातलाय. सेन्सर रक्तात नसतो, पेशींच्या दरम्यानच्या द्रवात असतो. त्यामुळे आकडा पाच-दहा मिनिटं मागे चालतो. खो-खो खेळून आलेलं मूल थरथरतंय आणि मोबाइलवर ९० दिसतंय, तर मुलावर विश्वास ठेवायचा, बोटाला टोचून बघायचं. रात्री दोनला 'लो'चा अलार्म वाजला आणि मूल सेन्सरच्याच हातावर झोपलेलं असेल, तर दाबामुळे तिथला द्रव हटून आकडा खोटा पडलेला असू शकतो. त्याला दुसऱ्या कुशीवर वळवा, ग्लुकोमीटरच्या पट्टीवर रक्त तपासा, आणि खरंच कमी असेल तर लगेच साखर द्या.

सेन्सर लावला म्हणजे झालं असंही नाही. २००८ मध्ये ३२२ रुग्णांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पंचवीस आणि त्यावरच्यांचं एचबीए१सी (दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्तचाचणी) सुधारलं, पण ८ ते १४ वयाच्या मुलांत सेन्सर वापरणाऱ्या आणि न वापरणाऱ्या गटांत म्हणावा असा फरक पडला नाही. कारण आकड्यांतच होतं: आठवड्यातले सहा किंवा जास्त दिवस सेन्सर लावणारे मोठ्यांत ८३ टक्के, मुलांत ५०, आणि १५ ते २४ वयात फक्त ३०. कॉलेजातल्या पोराला दंडावरचं ते लचांड दाखवत फिरायचं नसतं, याला कुठलाही पडदा उपयोगी नाही. आपल्याकडे त्यात खर्चाची भर. काही हजारांचा एक सेन्सर दोन आठवडे, म्हणून बरेच डॉक्टर निदान डोस बसवताना तरी अधूनमधून लावा म्हणतात.

आणि एक गोष्ट कडक शब्दांतच सांगायला हवी. घड्याळवाले निदान आकडा तरी दाखवतात. 'मधुमेह मुळापासून बरा' म्हणणारे काढेवाले इन्सुलिन बंद करायला सांगतात. टाइप १ मध्ये इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीच शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीने मारलेल्या असतात. इन्सुलिन थांबवलं तर मूल काही दिवसांत, कधी चोवीस तासांतही, कीटोॲसिडोसिसमध्ये, म्हणजे रक्त आम्लधर्मी होण्याच्या घातक अवस्थेत, जाऊन दगावू शकतं. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत चौदा वर्षांच्या लेनर्ड थॉम्पसनला इन्सुलिन टोचलं गेलं, त्यापूर्वी या मुलांचं भविष्य काय होतं ते वैद्यकाच्या इतिहासात लिहिलेलं आहे. कारल्याचा रस, सदाफुलीची पानं, मंतरलेला दोरा यांनी ते बदललं नव्हतं.

प्रकाशाने साखर मोजणं अगदीच अशक्य आहे का? नाही. अमेरिकेत सप्टेंबर २०२४ मध्ये मान्यता मिळालेला एक सेन्सर वर्षभर टिकतो आणि तो प्रकाशावरच चालतो. पण त्यातही ग्लुकोजला धरणारा रेणू आहे: बोरॉनिक आम्लाचा गट असलेलं जेल, जे ग्लुकोज चिकटला की चमकतं. आणि डॉक्टर तो छोटा छेद देऊन त्वचेखाली बसवतात. सध्याची त्याची मान्यता अठरा वर्षांवरच्यांसाठी आहे, त्यामुळे त्या आईच्या लेकराला तूर्तास तोही नाही. मी तिला कळवलं की घड्याळ घेऊ नका, त्या पैशांत पट्ट्यांचे डबे येतील.