जिल्हा न्यायालयात कनिष्ठ लिपिक व्हायचंय? टायपिंगचं प्रमाणपत्र जाहिरातीच्या आधीच हातात हवं

मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या जिल्हा न्यायालयांसाठी एकत्रित भरती काढली. लघुलेखक, कनिष्ठ लिपिक आणि शिपाई/हमाल मिळून ४,६२९ पदं होती, त्यातली २,७९५ कनिष्ठ लिपिकांची. अर्ज भरायला ४ ते १८ डिसेंबर एवढीच मुदत होती. टायपिंगचा सरकारी अभ्यासक्रम मात्र सहा महिन्यांचा असतो. जाहिरात आल्यावर क्लास लावणाऱ्यांची संधी तिथेच हुकते. पदवी झालेल्या कितीतरी मुलामुलींचं घोडं या एका कागदापाशी अडतं, म्हणून सुरुवात त्याच्यापासून करते.

कनिष्ठ लिपिकासाठी दोन्ही भाषांचं टायपिंग लागतं: मराठी मिनिटाला ३० शब्द आणि इंग्रजी मिनिटाला ४०. त्यासाठी पुण्याच्या महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची जीसीसी-टीबीसी, म्हणजे संगणकावरच्या टायपिंगची सरकारी परीक्षा द्यावी. फक्त मराठी झालंय, इंग्रजीचा निकाल यायचाय, असं इथे चालत नाही. इंग्रजी ३० ची परीक्षा झाली असली, तरी ४० ची वेगळी द्यावी लागते, हेही अनेकांना उशिरा कळतं. शिवाय एमएस-सीआयटी किंवा तत्सम संगणक प्रमाणपत्र हवं.

बाकी पात्रता साधी आहे. कोणत्याही शाखेची पदवी चालते, कायद्याची असेल तर प्राधान्य. मराठी लिहिता, वाचता, बोलता आली पाहिजे. २०२३ च्या जाहिरातीत वयोमर्यादा खुल्या प्रवर्गासाठी १८ ते ३८ आणि मागास प्रवर्गांसाठी ४३ पर्यंत होती. शुल्क अनुक्रमे १,००० आणि ९०० रुपये. घरची परिस्थिती बेताची असणाऱ्यांना ही रक्कम जड जाते, म्हणून पात्रता नीट ताडून मगच पैसे भरावेत.

निवडीचे गुण नीट पाहा. त्या भरतीत १०० पैकी चाळणी परीक्षेला ४०, मराठी टायपिंगला २०, इंग्रजी टायपिंगला २० आणि मुलाखतीला २० गुण होते. म्हणजे चाळणीला जेवढे, तेवढेच गुण कीबोर्डवर. तरीही मुलं सामान्य ज्ञानाच्या पुस्तकांत बुडून जातात आणि प्रमाणपत्र मिळालं की टायपिंग सोडून देतात. हात वर्षभर थांबला की वेग घसरतो, जोडाक्षरं चुकायला लागतात. माझं स्पष्ट मत आहे, रोज अर्धा तास तरी दोन्ही भाषांत टाइप करत राहावं, आणि आधी चुका कमी कराव्यात, मग वेग वाढवावा.

कागदपत्रांत सर्वाधिक घोळ नावाचा होतो. दहावीच्या प्रमाणपत्रावर एक नाव, आधारवर दुसरं, लग्नानंतर पदवीवर तिसरं. नाव बदललं असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली प्रसिद्धी आधीच काढून ठेवा. जन्मतारखेसाठी दहावीचं प्रमाणपत्र किंवा शाळा सोडल्याचा दाखला, पदवी आणि गुणपत्रिका, टायपिंगची दोन्ही प्रमाणपत्रं, संगणकाचं प्रमाणपत्र, अधिवास दाखला हे सगळं एका फाइलमध्ये असावं. मागास प्रवर्गातून अर्ज करणाऱ्यांनी जातीचा दाखला, जात वैधता आणि लागू असेल तिथे नॉन-क्रिमीलेअर यांची मुदत तपासावी. जात वैधतेला वेळ लागतो, ते काम शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका.

दोन प्रतिष्ठित व्यक्तींची चारित्र्य प्रमाणपत्रंही लागतात. ती नातेवाइकांकडून घेऊ नयेत आणि जाहिरातीनंतरच्या तारखेची घ्यावीत. शाळेचे मुख्याध्यापक, महाविद्यालयातले प्राध्यापक यांच्याकडून मिळतात. लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्रही द्यावं लागतं. २८ मार्च २००६ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलामुळे हयात अपत्यं दोनपेक्षा जास्त झाली, तर उमेदवार अपात्र ठरतो. एखादा गुन्हा नोंद असेल किंवा खटला सुरू असेल तर अर्जात तो लपवू नका. पोलिसांकडून पडताळणी होतेच, आणि माहिती दडवणं हेच नोकरी जाण्याचं कारण ठरू शकतं. जे आधीपासून सरकारी नोकरीत आहेत त्यांनी अर्ज कार्यालयामार्फत, परवानगी घेऊन करावा.

अर्ज उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर ऑनलाइन भरायचा असतो. फोटो आणि सही स्कॅन करून तयार ठेवा, भरलेल्या अर्जाची आणि पावतीची प्रत जपून ठेवा. परीक्षेच्या तारखा, याद्या, सूचना सगळं तिथेच येतं. उच्च न्यायालयाच्या स्वतःच्या कार्यालयातल्या लिपिकांची भरती वेगळी निघते आणि तिचे निकषही वेगळे असतात. दोन्ही जाहिराती एकच समजून अर्ज करू नका.

आता कामाबद्दल, कारण मुलाखतीत हे विचारलं जाऊ शकतं आणि आयुष्यभर करायचंही हेच आहे. नेमणूक कुठल्याही विभागात होऊ शकते. दाखल विभागात नवीन दावे तपासायचे, कोर्ट फी बरोबर आहे का बघायचं, प्रकरण संगणकावर नोंदवायचं. त्यातून प्रत्येक प्रकरणाला अक्षरं आणि अंक मिळून सोळा चिन्हांचा सीएनआर क्रमांक, म्हणजे त्याची स्वतंत्र ओळख, मिळतो आणि पक्षकार त्यावरून घरबसल्या पुढची तारीख पाहतो. न्यायालयाच्या दालनात नेमणूक झाली तर बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी, लावणं, समन्स-वॉरंट तयार करणं, फाइल वेळेवर न्यायाधीशांपुढे पोचवणं. नक्कल विभागात निकालाच्या प्रमाणित प्रती द्यायच्या, आणि अपिलाची मुदत टळू नये म्हणून इथे दिरंगाई चालत नाही. नाझर कार्यालयात पैशांचा हिशेब असतो, रेकॉर्ड विभागात जुन्या फाइली. तारीख चुकीची पडली तर खेड्यातला माणूस दिवसाची मजुरी बुडवून हेलपाटा घालतो. त्यामुळे हे काम नुसतं कारकुनी म्हणून करू नये.

त्या भरतीत कनिष्ठ लिपिकाची वेतनश्रेणी एस-६, म्हणजे मूळ वेतन १९,९०० ते ६३,२०० होती, भत्ते वेगळे. पुढे वरिष्ठ लिपिक, सहायक अधीक्षक, अधीक्षक अशी पदोन्नती असते. पैसे घेऊन नेमणूक करून देतो म्हणणारे भरतीच्या काळात कोर्टाच्या आवाराबाहेरही भेटतात. त्यांना एक रुपयाही देऊ नका. अधिकृत शुल्क ऑनलाइन भरलं की भरतीसाठी आणखी कुणालाही काही द्यावं लागत नाही.